न वाजणारा ठोका

त्या दुपारी ताई तळघरात उतरली ती फक्त एक केबल बदलायला. डावा स्पीकर गेले काही दिवस खरखर करत होता. हातात नवी केबल, चपला वरच्या पायरीवर काढलेल्या, आणि स्वयंपाकघरात आईने सोडलेल्या नळाचा आवाज. इतकी साधी दुपार. भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला काळोखी रात्र, वारा आणि घुबड लागतं हे मला ठाऊक आहे. पण खोलीला खिडकीच नसली की दुपार काय आणि रात्र काय, दोन्ही सारख्याच. त्या खोलीच्या भिंतींना जाड करडा स्पंज होता, दाराला रबराची पट्टी होती आणि खाली पायाचा आवाज गिळून टाकणारा गालिचा. दार लावलं की बाहेरचं जग कोणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटायचं. आत तापलेल्या तारांचा वास यायचा, धुळीचा यायचा, आणि अगदी थोडा ठिणगीच्या शाम्पूचा.

ठिणगी जाऊन वर्ष होत आलं होतं. खुंटीवर तिचे हेडफोन लटकत होते आणि त्यांच्या गाद्यांना तो वास अजून चिकटून होता. ताईने ते तिथेच ठेवले होते. प्रेमापोटी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आईने काढू दिले नव्हते म्हणून.

ठिणगी ही ताईची धाकटी बहीण. हे नाव तिला गर्दीने दिलं होतं. स्टेजवर गाणी वाजवायच्या कन्सोलमागे उभी राहून, एक कान हेडफोनमध्ये आणि दुसरा मोकळा ठेवून ती नुसती हसली तरी हजार माणसं उड्या मारायला लागायची. गाणी मात्र ताई बनवायची. एकेका ढोलाचा आवाज मनासारखा लागावा म्हणून ती या तळघरात आठवडेच्या आठवडे घालवायची, डोळे लाल करून घ्यायची, जेवण विसरायची. मग ठिणगी ते गाणं उचलून जायची आणि एकाच संध्याकाळी जग जिंकून यायची. पोस्टरवर नाव दोघींचं असायचं. पण फोटो काढणारा एकदा म्हणाला होता, "ताई, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

बरं, ठिणगी वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती. ती वाईट नव्हती. प्रत्येक कार्यक्रमात ती माईक घेऊन ओरडायची, "हे सगळं माझ्या ताईने केलंय!" आणि लोक म्हणायचे, बघा, किती मोठ्या मनाची मुलगी! टाळ्या पुन्हा तिलाच. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तोंडावर हसू ठेवावं लागायचं.

तिला ताई म्हणायला घराने सुरुवात केली ती धाकटी जन्मली त्या दिवशी. त्याआधी तिला स्वतःचं नाव होतं. ते शाळेच्या कागदांवर राहिलं. पुढे आयोजक, साउंडवाले, गाडीवाले, सगळ्यांची ती ताईच झाली. कोणाची ताई, हे कोणाला विचारावं लागत नसे.

आता एक युक्ती सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नाचाच्या संगीतात जो मोठा ढोल धपधप वाजतो त्याला ही मंडळी किक म्हणतात. किक पडली की बाकीचे सगळे आवाज क्षणभर खाली बसतात आणि लगेच वर येतात. तिला जागा मिळावी म्हणून. संगणकाला तसं सांगून ठेवता येतं, की ही आली की तुम्ही सगळ्यांनी मान झुकवायची. त्यामुळे गाणं श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि ओसरतं, नाचणाऱ्यांचे खांदे आपोआप हलतात. यातली गंमत अशी, की ज्याच्यासाठी झुकायचं तो आवाज ऐकू यायलाच हवा असं नाही. त्याचं तोंड बंद करून ठेवलं तरी चालतं. तो वाजत नाही, पण बाकीचे त्याला वाट देत राहतात. ताई त्याला मुकी किक म्हणायची.

आणि ताईच्या सगळ्या गाण्यांतली मुकी किक म्हणजे ठिणगीचं हृदय होतं.

ठिणगी जन्मली तीच हृदयात दोष घेऊन. दोन ठोके नीट पडायचे, मग एक रेंगाळायचा, आणि त्याची भरपाई करायला पुढचा घाईघाईने यायचा. एका रिकाम्या दुपारी ताईने थट्टेथट्टेत तिच्या छातीवर एक बारीक माईक चिकटपट्टीने लावला. "थंड आहे गं!" म्हणून ठिणगी किंचाळली. ते किंचाळणं त्या फाइलच्या सुरुवातीला होतं, आणि पुढे तो लंगडा, हट्टी ठोका. ताईने तो मुकी किक म्हणून लावून पाहिला आणि ऐकता ऐकता तिच्या हातावर काटा आला. गाणं यंत्रासारखं न झुकता माणसासारखं झुकत होतं. तेव्हापासून तिने तो ठोका आपल्या साच्यातच बसवून टाकला. साचा म्हणजे कोरं गाणं. नवं गाणं उघडलं की ढोल, बेसचा खर्ज, झांजा सगळं आपापल्या जागी मांडलेलं असायचं, आणि सगळ्यात खाली, आवाज बंद करून, ठिणगीचं हृदय.

यांच्या गाण्यांना जीव आहे, असं लोक म्हणायचे. इतरांनी नक्कल करून पाहिली, कोणाला जमली नाही. आणि ताई मनात म्हणायची, म्हणजे माझं गाणं चांगलं, तेही हिच्या दुखण्यामुळे.

दुखण्याचं तर तिला लहानपणापासून माहीत होतं. रोज झोपायच्या वेळी आई धाकटीच्या छातीला कान लावून पडायची. डोळे मिटून, श्वास रोखून. शेजारच्या गादीवर ताई जागी असायची. एकदा ती म्हणाली होती, "आई, माझं पण ऐक ना."

"तुझं काय ऐकायचं? तुझं ठणठणीत आहे," आई म्हणाली होती आणि दिवा मालवला होता.

ते ताई विसरली नव्हती. ठिणगी कार्यक्रमाहून परतताना गाडीच्या मागच्या सीटवर डोकं टेकून झोपली आणि उठलीच नाही, तेव्हा ताई धाय मोकलून रडली, ते रडणं खरं होतं. पण त्या रडण्याच्या तळाशी एक बारीकसा विचार होता, की आता तरी माझी पाळी येईल. तिने तो कोणाला सांगितला नाही. मी सांगतोय, कारण त्याच्याशिवाय या गोष्टीला काही अर्थ नाही.

पाळी आली. शहरात नवं सभागृह उघडत होतं आणि आयोजकाचा फोन आला. "ताई, एकट्या वाजवाल ना? ठिणगीची आठवण म्हणून तिची जुनी गाणी..."

"जुनी नाही," ताई म्हणाली. "नवं गाणं वाजवीन. माझं."

"बरं," आयोजक म्हणाला. "तुमचं तर तुमचं."

तेच गाणं त्या दुपारी संगणकावर उघडं होतं. ताईने त्यातून ठिणगीचं हृदय काढून टाकलं होतं आणि त्याजागी साधी, सरळ, घड्याळासारखी किक बसवली होती. हे गाणं तिचं एकटीचं होणार होतं. लोकांनी एकदा, फक्त एकदा, तिच्यासाठी नाचावं, इतकंच तिचं मागणं होतं.

केबल बदलून झाली. खरखर गेली की नाही ते पाहायला तिने गाणं लावलं. खरखर गेली होती. बेस गडद, स्वच्छ येत होता. ती खुर्चीला टेकली आणि डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने तिच्या कपाळाला आठी पडली.

दोन वेळा आवाज नीट झुकला. मग एकदा रेंगाळला. मग घाईने.

तिने गाणं थांबवलं. पडद्यावर सरळ किकच्या खुणा एकसारख्या अंतरावर उभ्या होत्या. पुन्हा लावलं. किक सरळ पडत होती, पण बाकीचे आवाज तिच्यासाठी झुकतच नव्हते. ते झुकत होते भलत्याच वेळी, भलत्याच कोणासाठी तरी.

भीती वाटायला हवी होती. ताईला राग आला. साच्यात कुठेतरी जुनी जोडणी राहिली असणार. माझ्या साच्यातसुद्धा घुसून बसली आहे, ती पुटपुटली, आणि साचा मोडून टाकला. कोऱ्या पानावर गाणं नव्याने मांडलं. त्यात ती दुपार गेली, दुसरी गेली. शेवटी तिने झुकवण्याची युक्तीच काढून टाकली. आता कोणी कोणासाठी मान झुकवायचं कारणच उरलं नव्हतं. मग बेसचा एकच लांब, सपाट सूर लावला आणि ऐकत बसली.

सूर सपाट वाहत राहिला. मग खाली बसला, वर आला. खाली बसला, वर आला. रेंगाळला. आणि घाईघाईने...

दार उघडलं. आई होती, हातात चहाचा कप. रोज दुपारी ती यायची, ठिणगीच्या उंच स्टुलावर बसायची आणि खुंटीवरचे हेडफोन स्वतःच काढून कानाला लावायची.

"लाव गं जरा," आई म्हणाली.

"आई, मला काम आहे. कार्यक्रम तोंडावर आलाय."

"मी मध्ये बोलत नाही काही. लाव."

ताईने ठिणगीच्या ठोक्याची फाइल लावली. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, जे काय होतं ते आईच्या कानात. सुरुवातीचं ते किंचाळणं आलं की आई नेहमी हसायची. आताही हसली. मग डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून, श्वास रोखून ऐकत राहिली. ताई तिच्याकडे बघत होती. गाणी बनवायला लागून तिला वीस वर्षं झाली असतील, आईने तिचं एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नव्हतं. फार धाडधाड असतं म्हणे.

"माझं नवं गाणं ऐकतेस?" ताईने विचारलं.

आईने एक गादी कानापासून दूर केली. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"चहा घे. निवतोय," आई म्हणाली आणि गादी पुन्हा कानावर ओढली.

सभागृहात साउंड चेकला ताई सकाळीच गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, मागची मोठी दारं सताड उघडी होती, रंगाचा आणि नव्या लाकडाचा वास येत होता. एक सुतार स्टेजच्या कडेला ड्रिल मारत होता. साउंडवाला जाडजूड, हसतमुख माणूस होता. दोघी बहिणींना तो वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याने सवयीने कन्सोलवर दोन हेडफोन मांडले होते.

"एकच लागेल," ताई म्हणाली.

"हो की. हात गेला आपला." त्याने दुसरा उचलला, पण कुठे ठेवावा ते न सुचून तिथेच बाजूला ठेवला.

ताईने मुद्दाम स्वतःचा संगणक आणला नव्हता. गाणं एका छोट्या डिस्कवर आणलं होतं. सभागृहाचा संगणक, सभागृहाच्या तारा, सभागृहाचे स्पीकर. दोष तळघरातल्या यंत्राचा असेल तर तो तळघरातच राहील, असा तिचा हिशोब. तिने गाणं सोडलं. रिकाम्या सभागृहात बेस घुमला आणि खुर्च्यांच्या पत्र्याच्या पाठी थरथरल्या.

साउंडवाला थोडा वेळ मान डोलवत राहिला. मग हसला. "ताई, झकास! हीच ती तुमची चाल. मला वाटलं होतं ठिणगी गेली तशी तीही गेली."

"कुठली चाल?"

"ही... लंगडी." त्याने हवेत हात खालीवर केला. दोनदा नीट, एकदा रेंगाळून, एकदा घाईने. "हिच्यावरच तर आम्ही फिदा."

"मी ते काढलंय. या गाण्यात तसं काही नाहीये."

"नाहीये कसं? मीटर बघा की." त्याने बोट दाखवलं. हिरव्या दिव्यांची रांग खालीवर होत होती. पण ताईचं लक्ष मीटरवरून केव्हाच उडालं होतं. तिने आवाजाची पट्टी खाली ओढून गाणं पूर्ण बंद केलं. सभागृहात आता फक्त सुताराचं ड्रिल चालू होतं, एकसुरी, कानात खुपणारं. आणि ते ड्रिल... दोनदा जरा खाली बसलं. रेंगाळलं. घाईने पुन्हा बसलं.

"ऐकलंत?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"ड्रिल."

"आहे त्रास," साउंडवाला म्हणाला. "थांबवतो त्याला." आणि सुताराला हाका मारत निघून गेला. ताईने पाहिलं, बाजूला ठेवलेला दुसरा हेडफोन आता तिच्या डाव्या हाताशी होता. ठिणगी डाव्या बाजूलाच उभी राहायची. साउंडवाल्याने सरकवला असेल. सरकवला असणारच.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. ताईने काळा सदरा घातला होता. अंधार झाला, निळा उजेड पडला, तिने गाणं सोडलं. पहिल्या काही क्षणांत कोणी हललं नाही. मग तो खालीवर होणारा श्वास गर्दीत शिरला आणि खांदे हलायला लागले. माणसं दोनदा नीट झुकत होती, एकदा रेंगाळून, एकदा घाईने. इतकी माणसं, एकमेकांना अनोळखी, सगळी एका लंगड्या चालीवर. सुंदर दिसत होतं, हे कबूल करायला हवं. ताईने आयुष्यात इतकं सुंदर काही केलं नव्हतं, आणि हेही तिने केलेलं नव्हतं.

तिने वर पाहिलं. पुढच्या रांगेतली माणसं हसत होती, काहींचे डोळे भरले होते. पण त्यांची नजर तिच्यावर नव्हती. तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर होती. सगळ्यांची.

आणि मग कोणीतरी ओरडलं, "ठिणगी!" पाठोपाठ सगळं सभागृह. "ठिणगी! ठिणगी!"

ताईने डावीकडे पाहिलं नाही. भीतीने नव्हे. तिथे ती खरंच उभी असेल तर ती हसत असेल, माईक मागत असेल, आणि सगळं माझ्या ताईने केलंय म्हणून ओरडेल, आणि ते ऐकणं ताईला सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळघरात गेली ती थेट त्या फाइलवर. मेल्यावरसुद्धा! मेल्यावरसुद्धा सगळ्यांनी हिलाच वाट द्यायची? तिने ठिणगीचं हृदय एकदा शेवटचं लावलं. "थंड आहे गं!" ठिणगी किंचाळली. मग ठोका. ताईने ती फाइल काढून टाकली. जुन्या डिस्कवरची काढली. कपाटातल्या डिस्कवरची काढली. संगणकाने विचारलं, कायमचं पुसून टाकायचं का? ती क्षणभर थांबली. आईला रोज दुपारी काय द्यायचं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. आणि तरी तिने बटण दाबलं, थोडं त्याचसाठी दाबलं.

मग तिने आपलं गाणं लावलं.

सरळ! किक सरळ, बेस सरळ, सगळं जिथल्या तिथे. ती वाट बघत राहिली. काही रेंगाळलं नाही, काही घाईने आलं नाही. गाणं सपाट होतं, खरं सांगायचं तर कंटाळवाणं होतं, पण तिचं होतं. ताई खुर्चीत मागे रेलली आणि खूप दिवसांनी मोठा श्वास घेतला. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

दार उघडलं. आई स्टुलावर बसली, हेडफोन कानाला लावले.

"लाव गं जरा."

ताईने गाणं थांबवलं. सगळं शांत झालं. कोपऱ्यातला पंखा तेवढा घरघरत होता. "आई," ती म्हणाली, "ती फाइल... खराब झाली. गेली. मशीनचं काही सांगता येत नाही."

हेडफोन कानावर तसेच होते, त्यांची तार गालिच्यावर पडलेली, कशालाही न जोडलेली. आईचं तोंड हळूहळू ओढलं गेलं, म्हाताऱ्या माणसांचं जातं तसं. ताईला वाटलं, आता ही रडेल आणि मला जवळ जावं लागेल.

पण आईने मान कलती केली. डोळे मिटले. श्वास रोखला.

"चालू आहे की," आई म्हणाली.

"काय?"

"श्श..."

पंख्याची घरघर खाली बसली आणि वर आली. पुन्हा बसली, वर आली. मग रेंगाळली. मग घाईने... ताईने उठून पंखा बंद केला. आता खोलीत काहीच उरलं नव्हतं, फक्त कानात भरणारी ती जाड शांतता. आणि ती शांतताही... झुकत होती. दोनदा. एकदा उशिरा. एकदा घाईने.

आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. कान देत, आंधळ्यासारखा हात पुढे करत ती स्टुलावरून उतरली. एक पाऊल डावीकडे टाकलं, थांबली, नाही म्हणून मान हलवली. मग सरळ ताईकडे आली.

"आई, बस ना. काय करतेस?"

आईने तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला खुर्चीत बसवलं. मग वाकून, तिच्या सदऱ्यावर, छातीच्या डाव्या बाजूला कान टेकला. आईचे पांढरे केस ताईच्या हनुवटीला लागले. त्यांना साबणाचा वास येत होता. लहानपणी शेजारच्या गादीवरून यायचा तोच. हात कुठे ठेवावेत ते ताईला कळेना. आई तिच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती.

"आली बघ," आई कुजबुजली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, फाइलच्या सुरुवातीला यायचं ते. "हीच. माझी बाय ती. हीच."

ताईने उजव्या हाताची बोटं आपल्या डाव्या मनगटावर दाबली. तिची नाडी नीट चालू होती. सरळ, एकसारखी, घड्याळासारखी. ठणठणीत. कुठे रेंगाळत नव्हती, कुठे घाई करत नव्हती. आणि आईची बोटं तिच्या खांद्यावर हलके ताल धरत होती. दोनदा नीट. एकदा उशिरा...

"आई," ती म्हणाली, "ते माझं आहे. मी आहे, आई. मी..."

तिने ते शब्द उच्चारले. ओठ हलले, घसा थरथरला, हवा बाहेर पडली. पण तिचाच आवाज तिच्याच कानांपाशी पोचता पोचता खाली बसला, कोणाला तरी वाट देत. ती थांबली. पुन्हा म्हणाली, मोठ्याने. पुन्हा खाली बसला.

आईने डोळे न उघडता एक हात वर केला आणि तिच्या तोंडावर ठेवला, अगदी मायेने.

"बोलू नकोस गं, ताई," आई म्हणाली. "तुझ्यामुळे ती ऐकू येत नाही."

ताई बोलायची थांबली. समोर संगणकाचा पडदा उजळलेला होता. गाणं थांबलेलं होतं, सगळ्या पट्ट्या शून्यावर होत्या. खुंटी रिकामी होती आणि आईच्या मांडीवरून घसरलेले हेडफोन गालिच्यावर उताणे पडले होते. कशालाही न जोडलेल्या त्या हेडफोनच्या डाव्या गादीतून, अगदी बारीक, पण स्पष्ट, कोणीतरी हसत हसत किंचाळलं.

"थंड आहे गं!"